ठराव करावा, कपाटात ठेवावा

वाचकहो, आपल्या गावात, आळीत किंवा सोसायटीत जे जसे चालले आहे ते तसेच चालत राहावे अशी आपली मनापासून इच्छा असेल, तर महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपण बारकाईने अभ्यासावा. शांतपणे रूढी मोडणारी माणसे समोर येऊन उभी राहिली म्हणजे काय काय करू नये, याचा इतका परिपूर्ण वस्तुपाठ दुसरीकडे मिळणे कठीण आहे. कारण तिथल्या रूढीरक्षकांनी करू नये ते सारे क्रमाने, उत्साहाने आणि पदरमोड करून केले.

सुरुवात मात्र त्यांनी नामी केली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. पुढची तीन वर्षे त्या तळ्यावर गुरे आली, कुत्री आली, अन्य धर्मांचे लोक आले. अस्पृश्य तेवढे आले नाहीत. यथास्थिती टिकवण्याची याहून सुबक रीत नाही: ठराव करावा, तो कपाटात ठेवावा आणि औदार्याचे श्रेय घेऊन मोकळे व्हावे. आपणही शक्य तोवर इथेच थांबावे.

धोका सुरू होतो तो कोणी तो कागद खरा मानू लागला की. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी हजारो माणसे महाडला जमली, तेव्हा त्यांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. भरलेल्या सार्वजनिक तळ्याच्या गावात पाणी विकत घेणाऱ्या माणसांना हिशोब करायला आपण शिकवू नये. ती पुढे तळ्याकडेच चालू लागतात. २० मार्चला तसेच झाले. मिरवणूक शिस्तीने बाजारातून तळ्यापाशी आली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठाशी उतरले, त्यांनी ओंजळीने पाणी घेतले आणि प्यायले. मागोमाग इतरही प्यायले. घोषणेपेक्षा, दगडापेक्षा ही ओंजळ अवघड असते, कारण तिच्याविरुद्ध फिर्याद नेमकी कशाची लिहायची हेच ठाणेदाराला सुचत नाही. नगरपालिकेने दिलेला हक्क नागरिकाने वापरला, एवढाच काय तो गुन्हा.

आता या क्षणी काय करावे? माझा नम्र सल्ला असा की, आपण घरी जावे आणि जेवून झोपावे. माणसे पाणी पिऊन आपापल्या गावी परतली असती, वर्तमानपत्रांत चार ओळी छापून आल्या असत्या आणि ठराव पुन्हा कपाटात गेला असता. परंतु हा सल्ला आजवर कोणालाही पाळता आलेला नाही, आणि अहिंसक प्रतिकार करणाऱ्यांची सारी भिस्त आपल्या याच उतावीळपणावर असते. महाडात अफवा उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. लगोलग लाठ्या निघाल्या आणि परतीच्या वाटेवरच्या, जेवणाच्या पंगतीतल्या माणसांना मारहाण झाली. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले लोकही होते आणि उलट हात उगारणे त्यांना जड नव्हते, तरी आंबेडकरांनी त्यांना आवरले. त्यामुळे मारणारे कोण आणि मार खाणारे कोण, हे ठरवायला पुढे कोणालाही पंचनाम्याची गरज उरली नाही.

एवढ्यावर थांबतील ते रक्षणकर्ते कसले! तळे बाटले होते, ते शुद्ध करणे आले. १०८ घागरी पाणी काढले गेले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातले गेले आणि मंत्रघोषात ते मिश्रण पुन्हा तळ्यात सोडले गेले. आपण क्षणभर काठावर उभे राहून हे दृश्य पाहावे अशी माझी विनंती आहे. माणसाच्या ओंजळीने विटाळलेले पाणी शेणाने निर्मळ होते, हे सिद्धान्तरूपाने पोथीत असते तोवर त्याला कोणी हसत नाही. भर दिवसा घागरी मोजून ते करून दाखवले की, उद्या शाळेतले पोरही प्रश्न विचारू लागते.

अशी चूक मोठ्या प्रसंगीच होते असे नाही. आमच्या इमारतीत कामाच्या बायकांनी मोठी लिफ्ट वापरू नये असा फलक होता. एके सकाळी दोन बायका काही न बोलता त्या लिफ्टने वर गेल्या. सचिवांनी तत्परतेने देखभालीच्या नावाखाली लिफ्टच बंद करवली, आणि सातव्या मजल्यावरचे आजोबा भाजीच्या पिशव्या घेऊन चार दिवस जिने चढत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने तो फलक काढला.

महाडकरांनी पुढे कागदोपत्री लढाई आरंभली. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेला, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. आणि डिसेंबरात काही सवर्ण गृहस्थांनी न्यायालयात जाऊन सांगितले की, तळे मुळात नगरपालिकेचे नाहीच, ते खासगी आहे. असे दोन पवित्रे आपण एकाच वर्षात घेऊ नयेत. जे तळे नगरपालिकेचे नव्हते ते तिने आधी उघडले आणि मग बंद केले तरी कसे, असे कोणीतरी विचारतेच. अस्पृश्यांनी तळ्याला हात लावू नये असा मनाई हुकूम मात्र मिळाला. त्याच डिसेंबरात सत्याग्रहासाठी महाडात पुन्हा भरणाऱ्या सभेला जागा मिळू नये, व्यापाऱ्यांनी माल देऊ नये, असाही बंदोबस्त झाला. तर फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी जमीन दिली आणि सत्याग्रहींनी शिधा बाहेरून आणला. २५ डिसेंबरच्या रात्री मंडपासमोर मनुस्मृती जाळली गेली, आणि ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे ब्राह्मण निघाले. घरातले कोण कुठे बसले आहे, हे आपण आधी मोजून घ्यावे हे बरे. मनाई हुकूम न मोडता सत्याग्रहींनी तळ्याला शांतपणे फेरी घातली आणि वाद न्यायालयावर सोपवला.

इथेच आपली खरी हानी होते. रूढी ही न विचारता पाळण्याची गोष्ट. तिला साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उभे केले की, ती कधीपासून आहे आणि पुरावा काय, हे सांगणे भाग पडते. १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे त्या ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस उरले असताना, मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अनादि काळापासूनची म्हणावी अशी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. यांनीच १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती, त्यामुळे ते चळवळ्यांचे हितचिंतक होते असा कांगावाही करण्याची सोय उरली नाही.

तरीही आपल्याला हाच मार्ग धरायचा असेल, तर निदान एवढे करावे की, शुद्धीसाठी मार्चचा मुहूर्त घेऊ नये. कोकणात जूनमध्ये पाऊस लागतो, तळे नव्या पाण्याने भरते, आणि १०८ घागरी पुन्हा मोजायच्या की कसे, हा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो.