पाकिटातलं डिस्नेलँड

दिवाळी जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक तरी वाद पेटतोच. यंदा निमित्त होतं खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कचं. धाकट्या वहिनीने जाहीर केलं, की या वर्षी खेळणी नाहीत, कपडे नाहीत, सगळ्या भाचरांना मिळून इमॅजिकाची तिकिटं. ‘वस्तू नको, अनुभव द्या.’ तासाभरात दोन तट पडले. वहिनीच्या बाजूचे म्हणाले, घरात खेळण्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही आणि आणलेलं चार दिवसांत मोडतं. काका आणि आत्या म्हणाल्या, आमच्या वेळी अनुभव विकत घ्यावा लागत नव्हता, मे महिन्यात मामाकडे पाठवलं की झालं. रांगेत घाम गाळायला हजारो रुपये कशाला मोजायचे? शेवटी कुणीतरी मला ओढलं: तिला विचारा, अमेरिकेत काय करतात.

अमेरिकेत काय करतात ते सांगते, पण त्याने दोन्ही तटांपैकी कुणाचंच फारसं भलं होणार नाही.

आधी काकांच्या बाजूचं बघू. मामाचं गाव फुकट होतं हे खरं नाही. पंधरा माणसांच्या पोळ्या महिनाभर मामीने लाटल्या. त्या फुकट अनुभवाचं बिल तिने भरलं, फक्त ते कुणी मागितलं नाही. आता मामा वाकडला दोन खोल्यांत राहतो आणि मामी नोकरी करते. तिकडे कुणाला पाठवणार? शिवाय याच काकांनी आम्हाला गोराईच्या एस्सेल वर्ल्डला नेलं होतं. ते २०२२ मध्ये बंद झालं. आमच्या वयाच्या कुणालाही त्याबद्दल विचारा, राइड्सच्या आधी खाडीतल्या बोटीची गोष्ट निघते. पलीकडचा किनारा जवळ येताना पोटात जे व्हायचं, ते.

आता वहिनीची बाजू. ‘वस्तू नको, अनुभव द्या’ हे वाक्य तिकडे भारतात गेलं ते इकडून अमेरिकेतूनच, आणि जाताना अर्धं सांडलं. त्यामागचं बहुचर्चित संशोधन लीफ व्हॅन बोव्हन आणि थॉमस गिलोविच यांचं, २००३ सालचं. वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेला खर्च जास्त आनंद देतो, असा त्याचा निष्कर्ष. पण त्यांनी विचारलं होतं मोठ्या माणसांना. २०२० मध्ये लॅन चॅप्लिन आणि सहकाऱ्यांनी मुलांकडे पाहिलं, तेव्हा चित्र उलटं निघालं: तीन ते बारा वर्षांच्या मुलांना वस्तूंपासून जास्त आनंद मिळत होता, अनुभव पुढे सरकले ते वय वाढल्यावर. कारण समजण्यासारखं आहे. अनुभव म्हणजे घडून गेलेली गोष्ट. ती लक्षात ठेवावी लागते, मनात जुळवावी लागते, आपल्यासाठी कुणी काय केलं हे उमगावं लागतं. सहा वर्षांच्या मुलाला हे सगळं अजून जमायचं असतं. बाहुली हातात असते, तिच्यासाठी आठवणीची गरज नाही.

इथे डिसेंबरात मी हे दरवर्षी बघते. नाताळच्या झाडाखाली पाकीट ठेवायचं, आत ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डच्या बुकिंगचा छापील कागद, समोर फोनचा कॅमेरा चालू. एका मित्राच्या घरी त्यांच्या लेकीने ते उघडलं. कागद उलटा करून पाहिला, पाकिटात आणखी काही आहे का म्हणून बोट घालून पाहिलं, क्यूआर कोडवर नख फिरवलं, आणि ‘थँक्यू’ म्हणून शेजारच्या डब्याकडे वळली. बाप रेकॉर्डिंग करतच राहिला. त्याला रडू हवं होतं, उड्या हव्या होत्या. तिला काय मिळालं होतं? बँकेच्या पत्रासारखा एक कागद. त्याहून वाईट म्हणजे पहाटे उठवून, गाडीत घालून थेट विमानतळावर सांगायचं, की आपण डिस्नेला चाललोय. असले व्हिडिओ लाखो लोक बघतात. मला तो प्रकार अजिबात पटत नाही. आईबापांनी सहा महिने वाट बघायची मजा स्वतः घेतली आणि मुलाला फक्त शेवटचा धक्का दिला.

कारण वाट बघणं हाच या भेटीचा मोठा हिस्सा आहे. नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर लोकांकडून माहिती घेऊन २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं इतरांपेक्षा जास्त खूश होती ती जाण्याआधी; परत आल्यावर, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचा अपवाद सोडला, तर फारसा फरक उरला नव्हता. हे पुन्हा मोठ्यांबद्दल, मान्य. पण मुलांना वाट बघायला शिकवायचं झालं तर ती नुसती सांगून बघता येत नाही, हातात काहीतरी द्यावं लागतं. म्हणजे अनुभव द्यायचा असला तरी सुरुवात वस्तूनेच करावी लागते.

आम्ही पेनसिल्व्हानियात राहतो. उत्तरेकडची बहुतेक पार्कं थंडीत बंद असतात किंवा नाताळपुरती अर्धवट उघडी, त्यामुळे डिसेंबरात दिलेलं तिकीट मे-जूनलाच उपयोगी पडतं. मध्ये पाच-सहा महिने आपोआप मिळतात. आमच्यापासून गाडीने जाण्यासारखं हर्शीपार्क आहे. चॉकलेटवाल्या मिल्टन हर्शीने १९०६ मध्ये आपल्या कामगारांसाठी काढलेली ती बाग. तिथे मुलांची उंची चॉकलेट-गोळ्यांच्या नावांनी मोजतात: ३६ इंचांपासून तुम्ही किसेस, ४२ झाले की रीसेस, ४८ झाले की हर्शीज, पुढे ट्विझलर्स, आणि पाच फूट झालात की जॉली रँचर. कुठल्या राइडला कोण चालतं ते त्यावर ठरतं. तेव्हा लेकीला दिलेल्या डब्यात तिकीट नव्हतंच. शिवणकामाची टेप होती, पेन्सिल होती आणि त्या चॉकलेटांचे कागद. तिने स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर इंच मोजून प्रत्येक कागद त्याच्या जागी चिकटवला. मग दर रविवारी टाचा भिंतीला लावून उभं राहायचं, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचं, आणि बापाने रेघ मारायची. अंबाडा धरायचा नाही, यावर दोघांचं भांडण. ४८ च्या कागदाला पेन्सिलीची रेघ टेकायला आली तेव्हा घरात जो दंगा झाला, तो पार्कात गेल्यावरही झाला नाही.

दुसरी एक स्वस्त वस्तू म्हणजे चिल्लर. इथल्या बहुतेक पार्कांत आणि प्राणिसंग्रहालयांत एक यंत्र असतं. जुन्या यंत्रात पंचवीस सेंटची दोन नाणी आणि एक पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, घालायची, मग दांडा फिरवायचा. दांडा जड असतो, लहान मूल अक्षरशः लोंबकळतं त्याला. काचेतून दातेरी चाकं दिसतात, आणि खालून निघते चपटी, लांबट, कोमट पेनी. लिंकनचा चेहरा ताणून गेलेला आणि त्यावर पार्काचं चित्र उठलेलं. नाताळला एका नळकांडीत पंचवीस सेंटची नाणी आणि घासून चकचकीत केलेल्या पेनी भरून दिल्या, की मुलं महिनोन्‌महिने त्या मोजत बसतात. अमेरिकेच्या टांकसाळीने नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनातली पेनी पाडणं थांबवलं, त्यामुळे आता त्या जमवण्याला जरा भावही आलाय. आणि लॅन चॅप्लिनच्या निष्कर्षाच्या दृष्टीने पाहिलं तर ही चपटी पेनी फार कामाची: घडून गेलेला दिवस ती खिशात ठेवते.

पण मला खरा मुद्दा वेगळाच वाटतो. दिवस कुणाच्या हातात असतो?

डिस्नेलँड १९५५ साली कॅलिफोर्नियात अनाहाइमला उघडलं तेव्हा आत जायला मोठ्यांना एक डॉलर पडायचा, मुलांना पन्नास सेंट. राइड्सचे पैसे वेगळे. काही महिन्यांत त्यांनी कुपनांची पुस्तकं काढली, ए, बी, सी अशी, आणि १९५९ मध्ये सर्वांत भारी राइड्ससाठी ई. पुस्तकात ई कुपनं मोजकीच. मुलाला ठरवावं लागायचं: हे आता खर्च करू की दुपारी? ही पुस्तकं १९८२ मध्ये बंद झाली, एकच तिकीट आलं, आणि सगळी गणितं आईबापांच्या फोनमध्ये गेली. आज नाताळच्या आठवड्यात ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कचं एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या आसपास जातं, रांग टाळायचे पैसे वरून. एवढे मोजल्यावर बाप मुलाला एका कारंज्यापाशी अर्धा तास पाणी उडवत बसू देईल? ‘चल, चल, अजून सात राइड्स राहिल्यात!’ वसुली सुरू होते. इमॅजिकातही काही वेगळं होणार नाही, हे मी वहिनीला सांगून टाकलं.

याउलट आमच्याच राज्यात कनोबेल्स नावाचं पार्क आहे, एलिसबर्गला, १९२६ पासून एकाच कुटुंबाचं. आत जायला पैसे नाहीत, गाडी लावायला नाहीत. ज्यात बसायचं त्याचेच द्यायचे. आपल्या जत्रेचाच हिशेब हा. तिथे मुलाला ठरावीक रकमेची तिकिटं एकदम देऊन टाकता येतात आणि मग तोंड बंद ठेवायचं. त्याने एकाच राइडला चारदा बसून सगळी संपवली तरी. मला हे अवघड गेलं, पण आमच्याकडच्या सगळ्या पार्कांमधला सर्वांत कमी रडारडीचा दिवस तोच.

म्हणून घरच्या ग्रुपवर मी तिसरंच लिहिलं. दिवाळीत तुम्ही मुलांना किल्ला करू देता ना? माती कुठून आणायची, बुरूज किती, महाराज कुठे बसवायचे, अळीव कुठे पेरायचे, हे सगळं ती ठरवतात आणि मोठ्यांनी फक्त पोती वाहायची असतात. तो त्यांचा थीम पार्कच आहे, स्वतः बांधलेला. तिकिटं जरूर द्या, पण भाऊबीजेला द्या आणि तारीख डिसेंबरातली घ्या. पार्काचा नकाशा मोठ्या कागदावर छापून द्या, चुलत-मावस सगळ्यांनी मिळून दिवसाचा क्रम आखू दे. आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत लहान मुलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, तेव्हा मोजणं त्यांच्याकडेच सोपवा. आणि जो क्रम ठरेल तो पाळा. यावर वहिनीने अंगठा दाखवला. काकांनी काहीच लिहिलं नाही, म्हणजे विरोध मागे घेतला असं आमच्याकडे धरतात.

एका बाबतीत मात्र मला तिकडच्यांचा सरळ हेवा वाटतो. खोपोलीला जाईल तेव्हा ती पोरांची अख्खी मिनीबस जाईल. घाबरणाऱ्याला ओढायला कुणी मोठा दादा असेल, वडे कुणी किती खाल्ले यावर परतीच्या वाटेत भांडण असेल. इकडे चौकोनी कुटुंब: दोन मुलं, दोन थकलेले आईबाप, आणि एकाला उंची पुरत नसली की दुसऱ्याने एकट्याने राइडला जायचं. परदेशातल्या मुलांना पार्कापेक्षा सोबत कमी पडते. आजी-आजोबांचं त्यातल्या त्यात जमवता येतं. लेकीचे आजोबा पुण्याहून पैसे पाठवतो म्हणत होते; मी म्हटलं, कोडी पाठवा. आता दर महिन्याला एक येतं. डिस्ने वर्ल्ड १९७१ च्या ऑक्टोबरात उघडलं, तेव्हा मी कितवीत होतो? ती फोन करून उत्तर सांगते, आणि मग शाळेतला एखादा किस्सा निघतो, जो मलाही माहीत नसतो.

बाकी सोबतीचा प्रश्न आम्ही या वर्षी असा सोडवायचं ठरवलंय: धाकट्याला एक तिकीट, आणि लेकीला दोन. दुसरं कोरं, त्यावर मैत्रिणीचं नाव तिने घालायचं. इथल्या कितीतरी वार्षिक पासांवर मित्राला फुकट किंवा सवलतीत आणायचे ठरावीक दिवस असतात, त्यामुळे खर्चही अगदीच अंगावर येत नाही. तिने अजून नाव ठरवलेलं नाही. एक मैत्रीण रोज बसमध्ये तिच्याशेजारी बसते, पण ती अजून रीसेस आहे. दुसरी ट्विझलर्स झाली आहे आणि सगळ्या मोठ्या राइड्सना चालते, पण तिने मागच्या वाढदिवसाला हिला बोलावलं नव्हतं. निर्णय मार्चपर्यंत राखून ठेवलाय, आणि मधल्या काळात दोघींनाही आमच्या चौकटीपाशी उभं करून मोजणं चालू आहे.