दिवाणखान्यातला कडा
आमचा केर काढणारा रोबो गालिच्याच्या काठावर थबकतो आणि खणखणीत इंग्रजीत 'क्लिफ सेन्सर पुसून घ्या' असे बजावतो, तेव्हा दोन खोल्यांच्या या सपाट घरात त्याला कडा कुठे दिसला, हा प्रश्न मला दर वेळी नव्याने पडतो. सेन्सर मी तीनदा पुसले. खरे कारण निराळेच निघाले: पोटाखालचे हे सेन्सर अवरक्त किरण जमिनीवर सोडून ते परतून येतात का हे पाहतात, आणि आमचा काळा गालिचा ते बरेचसे शोषून घेत असल्यामुळे यंत्राला पुढे जिना असल्याचा भास होतो. मग 'फरशी गडद असल्यास असे होते' एवढे एक वाक्य जोडायला काय हरकत होती? इतर बिघाडांसाठी तर नुसता आकडा उच्चारला जातो, तोही एकदाच, नेमका मी फोडणी देत असताना. आणि ॲप उघडावे तर तिथे तोच आकडा लाल अक्षरांत. सासूबाई 'काय म्हणतोय गं तो?' असे विचारतात, आणि ब्रशमध्ये गुंतलेले केस कात्रीने कापता कापता मी 'भूक लागली आहे त्याला' असे सांगून मोकळी होते.