एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: ओव्हरक्लॉक केलेला पीसी आपोआप रिस्टार्ट होत होता, त्याबद्दल

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला म्हणून लगेच उत्तर टाकलं नाही. ज्यांनी तुमचा रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळेल असा सेट करून, दिलेला पीसी काही न करता नुसता चालू ठेवला तरी रिस्टार्ट होत होता, फोन केला तर आमच्याकडून 'पॉवर सप्लाय बदला' असं सांगितलं गेलं, मग मशीन अकरा दिवस ठेवून घेतलं आणि शेवटी आधीपेक्षा स्लो करून हातात दिलं. पहिल्या दोन गोष्टी सरळसरळ आमच्या चुका आहेत. अकरा दिवसांचं सांगतो खाली. 'स्लो'वर मात्र थोडा वाद घालणार आहे, राग मानू नका.

तुमच्या रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसरला आम्ही कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, आठही कोअरना (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) सरसकट मायनस ३० पॉइंट दिलं होतं आणि वर बूस्ट, म्हणजे सगळ्यात वरचा वेग, २०० मेगाहर्ट्झने वाढवला होता. मग प्रोसेसरला राबवून बघायच्या टेस्ट, सिनेबेंच अर्धा तास लूपवर, प्राइम९५ रात्रभर, सकाळी येऊन बघितलं तर मशीन मजेत चालू, टेम्परेचर ९५ च्या आत, म्हणून बिलावर 'स्टेबल' असं लिहून दिलं. ते लिहायला नको होतं. कारण रात्रभर पेपर घेतला तो चुकीच्या विषयाचा. फुल लोडवर आठही कोअर एकदम राबतात तेव्हा पॉवरची लिमिट आडवी येते आणि क्लॉक, म्हणजे वेग, आपोआप खाली बसतो, तिथे मायनस ३० खपून जातं. खरी गोची तुम्ही काहीच करत नसता तेव्हा आहे. ब्राउझरमध्ये एक टॅब उघडली, की एकच कोअर क्षणभर उठतो, ५.४ गिगाहर्ट्झच्याही वर पळतो आणि परत झोपतो, आणि त्या वरच्या टोकाला व्होल्टेजमध्ये इकडेतिकडे व्हायला जागाच नसते. आम्ही नेमकं तिथेच कापून ठेवलेलं. एक पॉइंट म्हणजे ढोबळमानाने ३ ते ५ मिलिव्होल्ट धरतात, म्हणजे तीस पॉइंट किती झाले ते बघा.

त्यात अजून एक भानगड अशी की चिपमधले सगळ्यात चांगले कोअर असतात ना, ज्यांना विंडोज एकट्याचं काम आधी देतं, ते मुळातच कमी व्होल्टेजवर जास्त पळतील असे फॅक्टरीतून सेट होऊन आलेले असतात, त्यांच्या अंगावर चरबीच नसते. सगळ्यांना सारखं कापलं की आधी तेच पडतात. सरसकट मायनस ३० हा आळशीपणा आहे, व्हिडिओवाले करतात आणि आम्हीही केला.

आता फोनचं. तुम्ही इव्हेंट व्ह्यूअरचा (विंडोजची नोंदवही) स्क्रीनशॉट पाठवला होता, त्यात कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसत होती, आणि 'पॉवर' हा शब्द बघून आमच्या मुलाने तुम्हाला पॉवर सप्लाय बदलायला सांगितलं. माणूस माझा म्हणजे चूक माझी. ४१ चा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, का झालं नाही ते विंडोजलाही माहीत नसतं. शेजाऱ्याने येऊन 'काल तुमच्याकडे अंधार होता' असं सांगावं, तेवढीच ती माहिती. खरी नोंद त्याच्या आसपासच होती, डब्ल्यूएचईए-लॉगर (विंडोजची हार्डवेअर बिघाडाची नोंद), इव्हेंट १८, कॅश हायरार्की एरर, आणि आत प्रोसेसर एपीआयसी आयडी ६, म्हणजे कुठला थ्रेड पडला त्याचा नंबर. प्रत्येक कोअरला दोन थ्रेड, म्हणून ६ आणि ७ म्हणजे शून्यापासून मोजलं तर कोअर नंबर ३. चिप स्वतः बोट दाखवून सांगत होती की कोण पडतंय, आणि आम्ही तुम्हाला पॉवर सप्लाय विकत घ्यायला लावत होतो. सप्लाय दगा देतो ना, तो बहुतेक वेळा गेमच्या मध्ये, ग्राफिक्स कार्ड झटक्यात करंट ओढतं तेव्हा देतो, डेस्कटॉपवर नुसता वॉलपेपर दिसत असताना सहसा नाही. तुम्ही तो बदलला नाहीत हे बरं केलंत.

अकरा दिवस. तुम्हाला वाटलं मशीन कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं, आणि चार दिवस आमच्याकडून साधा फोनही गेला नाही म्हटल्यावर कोणालाही तसंच वाटणार, तेवढ्यासाठी माफी मागतो. पण मशीन पडून नव्हतं. कसंय, तुमच्या मशीनचा आजार दोन-तीन दिवसांतून एकदा उमटणारा होता. असा आजार बरा झाला हे कसं ठरवायचं? एक दिवस रिस्टार्ट झालं नाही म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, तसं तर ते तुमच्याकडेही अधूनमधून दोन दिवस नीट चाललं होतं. म्हणून कोअरसायकलर नावाची टेस्ट लावली, ती एका वेळी एकाच कोअरवर लोड टाकते आणि बाकीचे मोकळे सोडते, म्हणजे त्या कोअरला वरच्या क्लॉकवर पळावंच लागतं. कोअर ३ मायनस ३० वर दहा मिनिटांत एरर देऊन मोकळा. मायनस २० वर दोन तास टिकला आणि मग पडला. मायनस १२ वर एक अख्खी रात्र टिकला आणि दुसऱ्या रात्री पडला, हे सगळ्यात वैताग आणणारं. शेवटी मायनस ८. कोअर ५ मायनस १२ वर थांबला, बाकीचे मायनस १८ ते २५ च्या मध्ये. एकाला हलवलं की परत फेरी, आणि वर मधेमधे मशीन नुसतं चालू ठेवून द्यायचं, स्लीपमध्ये घालायचं, उठवायचं, कारण घरी ते तसंच वापरलं जाणार. यात दिवस जातात हो. मायनस ३० टाकून सिनेबेंच दाखवायला एक तास लागतो, म्हणून तर सगळे तेच करतात.

आता ती गोष्ट जी रिव्ह्यूत आलेली नाही. मशीन परत आमच्याकडे आलं तेव्हा त्यात रॅमच्या चार स्टिक होत्या. आम्ही दिल्या होत्या दोन. तुम्ही नंतर त्याच मॉडेलचं दुसरं किट आणून लावलंत, बॉक्स सारखाच, त्यामुळे कोणालाही वाटेल की काय फरक पडतो. पडतो. किट म्हणजे एकत्र तपासलेली जोडी, दोन वेगळी किट एकत्र कोणी तपासलेली नसतात. आणि त्याहून मोठं कारण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं: रायझन ७००० ला अधिकृतपणे दोन स्टिकवर डीडीआर५-५२०० चा सपोर्ट आहे आणि चार स्टिकवर फक्त ३६०० चा. तुमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅमसोबत येणारी तयार जास्त स्पीडची सेटिंग) ६००० चं, १.३५ व्होल्टवर, जिथे डीडीआर५ चं स्टँडर्ड व्होल्टेज १.१ आहे. एक्स्पो चालू करणं हे बटण दाबण्याइतकं सोपं आहे म्हणून लोकांना ते ओव्हरक्लॉकिंग वाटत नाही, पण आहे ते ओव्हरक्लॉकिंगच. दोन स्टिकवर ६००० सहसा चालून जातं. चारवर तुम्ही तेच प्रोफाइल ठेवलंत आणि वर कुठल्यातरी व्हिडिओत बघून टीआरईएफआय ६५५३५ केलंत. ही सेटिंग आमची नव्हती, आमच्याकडे आम्ही दिलेल्या सेटिंगचे फोटो आहेत.

हे टीआरईएफआय काय आहे ते सांगतो, कारण 'गेम अर्ध्या तासाने बंद पडतो पण मेमटेस्ट८६ (रॅम तपासायची टेस्ट) पास होतो, मग रॅम कशी खराब' असं तुम्ही फोनवर विचारलं होतं आणि प्रश्न बरोबर होता. रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे इवलासा चार्ज, तो गळत असतो, म्हणून ठरावीक वेळाने परत भरावा लागतो. डीडीआर५ ला हा रिफ्रेश साधारण ३.९ मायक्रोसेकंदांनी यायला हवा. ६००० च्या स्पीडवर ६५५३५ म्हणजे जवळपास २२ मायक्रोसेकंद, साडेपाच पट उशीर. थोडा स्पीड वाढतो खरा, कारण रॅमचा रिफ्रेशमध्ये जाणारा वेळ वाचतो. पण चार्ज गळण्याचा वेग टेम्परेचरसोबत वाढतो. मेमटेस्ट८६ चालतो तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंड बसलेलं, केसमध्ये गरम हवा नाही, रॅम आरामात. गेम सुरू झाला की कार्डाची सगळी गरम हवा वर रॅमवर, त्यात चार स्टिक एकमेकींना चिकटून, मधल्या दोघींना हवाच नाही. एचडब्ल्यूइन्फो या टेम्परेचर वगैरे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डीडीआर५ स्टिकचं टेम्परेचर दिसतं, आम्ही गेम चालू ठेवून बघितलं तर मधली ६० च्या वर. म्हणून टेस्टमेम५ ही रॅमची टेस्ट आणि ग्राफिक्सचा लोड दोन्ही एकदम लावलं, वीस मिनिटांच्या आत एरर.

आणि 'डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणारी सोय) असतं ना' हेही ऐकलं तुमच्याकडून. असतं, पण ते चिपच्या पोटातल्या पोटात, तिथली बारीक चूक दुरुस्त करतं. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यात जे बिघडतं त्याला ते हात लावत नाही, आणि चार स्टिकवर ६००० ला खरी बोंब तो रस्ताच मारतो. तुमच्या झिप फाइली उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याचे एरर, येत होते ते यातलंच. रिस्टार्ट तरी दिसतो, फाइली अशा गुपचूप खराब होतात ते दिसत नाही. आम्ही सिस्टम फाइल चेकर चालवला तेव्हा विंडोजच्याच काही फाइली खराब निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या, पण तुमच्या स्वतःच्या फाइली आम्ही उघडून बघत नाही. दुसरं किट लावल्यानंतर जे काही कॉपी केलं असेल, फोटो, कामाच्या फाइली, ते एकदा उघडून बघा आणि जुना बॅकअप इतक्यात पुसू नका. हे रिव्ह्यूपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे म्हणून इथेच लिहितोय.

तर स्लो. तुम्ही मोजलंत ते खरं आहे, मशीनचा स्कोअर खाली आलाय. जादा २०० मेगाहर्ट्झ आम्ही काढले, ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास, गेममध्ये ग्राफिक्स कार्ड आधीच पूर्ण राबत असेल तर ते जाणवायचेही नाहीत. जाणवतंय ते रॅमचं, चार स्टिक ६००० वरून ४८०० वर आणल्यात, टीआरईएफआय परत ऑटोवर. ४८०० हेही अधिकृत ३६०० च्या वरच आहे बरं का, पण आमच्याकडे दोन रात्री गरम केसमध्ये स्वच्छ पास झालं म्हणून ठेवलं. 'व्होल्टेज वाढवून तोच स्पीड का नाही दिला' असंही तुम्ही लिहिलंय. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, व्होल्टेज ५ टक्के वाढवलं की उष्णता १० टक्क्यांच्या वर, आणि हा प्रोसेसर ९५ डिग्रीला गेला की स्वतःच क्लॉक खाली आणतो, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. रॅमच्या बाजूने एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला मिळणारं) वाढवायचं म्हटलं तर २०२३ नंतरच्या बायॉसमध्ये (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) १.३ व्होल्टची लिमिट आहे, ती चिप जळू नये म्हणून घातलीये, ती ओलांडायचा मार्ग असला तरी मी ओलांडणार नाही. आधीचा स्कोअर झिप फाइली खराब करत करत आलेला होता दादा, त्याच्याशी तुलना करून मला एक स्टार कमी द्या, चार नका कमी करू.

जुना रॅम स्पीड हवा असेल तर नंतर लावलेलं किट काढून टाका, दोन स्टिकवर ६००० आम्ही परत लावून आणि तपासून देतो. ६४ जीबीच लागत असेल तर ३२ च्या दोन स्टिक घ्या, आत्ताच्या चार आम्ही अदलाबदलीत घेऊ शकतो का ते बघतो, नक्की सांगत नाही.

एक गोष्ट तुम्ही काढली नाहीत पण मीच सांगतो: प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या मर्यादेबाहेरचं ओव्हरक्लॉकिंग आणि अंडरव्होल्टिंग (व्होल्टेज कमी करणं) वॉरंटीत बसत नाही, त्यांच्याच सॉफ्टवेअरने केलं तरी. हे आम्ही तुम्हाला काम घेण्याआधी तोंडी आणि ठळक सांगायला हवं होतं, बिलाच्या मागे बारीक अक्षरात नव्हे. ट्यूनिंगचे पूर्ण पैसे परत करतोय, रिव्ह्यू काढावा म्हणून नाही, तो राहू द्या. आणि बिलावर आता 'स्टेबल' हा शब्द लिहीत नाही, कुठली टेस्ट किती तास चालली आणि त्यात काय झालं ते लिहितो.

बायॉसमध्ये प्रोफाइल १ म्हणजे सगळं स्टॉक, कंपनीची मूळ सेटिंग, प्रोफाइल २ म्हणजे आत्ताचं. कधी परत शंका आली तर १ लोड करून दोन-तीन आठवडे वापरा, तरीही रिस्टार्ट झालं तर ट्यूनिंगचा संबंध नाही, मग खरंच सप्लाय किंवा दुसरं काही बघू. बायॉस अपडेट केलंत तर ही प्रोफाइल उडू शकतात आणि जुन्या व्हर्जनची नव्यावर लोड करू नका, फोन करा, यावेळी मी उचलतो. आणि केसच्या साइड पॅनेलचा एक स्क्रू आमच्या टेबलावरच राहिलाय, पाकिटात नाव घालून ठेवलाय.