पाठमोरी माणसं

परवा रात्री 'इन द मूड फॉर लव' चौथ्यांदा पाहिला आणि लक्षात आलं, की इतकी वर्षं मी लोकांना हा सिनेमा चुकीचा सांगत आले आहे. कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं: दोन शेजारी असतात, याची बायको आणि तिचा नवरा यांचं आपसात जमलेलं असतं, ते कळल्यावर हे दोघं जवळ येतात, पण शेवटपर्यंत मर्यादा ओलांडत नाहीत. अव्यक्त प्रेमाची गोष्ट. कथानक म्हणून यात काही खोटं नाही. पण मला आता वाटतं, की हा सिनेमा प्रेमाइतकाच, कदाचित त्याहून जास्त, एका वेगळ्या दुःखाचा आहे. ज्या माणसाशेजारी आपण रोज झोपतो, त्याच्या मनाचा थांग आपल्याला लागलेलाच नसतो, याचं दुःख.

दिग्दर्शक वाँग कार-वायचा हा सिनेमा २००० सालचा, त्यातला काळ १९६२चा. हाँगकाँगमध्ये शांघायहून येऊन स्थिरावलेली माणसं, एकेक खोली भाड्यानं घेऊन राहणारी बिऱ्हाडं, भिंतीला भिंत. नायिका सू ली-झेन आणि नायक चाऊ मो-वान एकाच दिवशी शेजारी-शेजारी राहायला येतात आणि हमालांच्या गोंधळात यांचं सामान त्यांच्याकडे, त्यांचं यांच्याकडे जातं. या घरांत लपून काही राहत नाही. कोण किती वाजता आलं, कोण जेवायला थांबलं नाही, कोण नटूनथटून नुसत्या नूडल्स आणायला खाली गेलं, सगळ्याची नोंद होते. घरमालकीणबाई प्रेमळ आहेत, पण त्यांचे कान सतत उघडे. आणि तरीही, इतक्या खेटून राहणाऱ्या या माणसांत कुणाला कुणाबद्दल खरं म्हणजे काहीच ठाऊक नाही. माहिती भरपूर, ओळख नाही.

सू एका शिपिंग कंपनीत सेक्रेटरी आहे. साहेबांची बायको आणि साहेबांची मैत्रीण, दोघींचे फोन तीच सांभाळते. साहेबांनी टाय बदलला तर तिच्या नजरेतून सुटत नाही. इतकी बारीक नजर असलेल्या बाईला घरचं कधी कळतं? चाऊच्या गळ्यातला टाय आपल्या नवऱ्याच्या टायसारखाच आहे आणि आपली पर्स चाऊच्या बायकोच्या पर्ससारखीच आहे, हे जुळल्यावर. हॉटेलात समोरासमोर बसून दोघं एकमेकांना या वस्तूंबद्दल सभ्यपणे विचारतात. किती साधे प्रश्न आणि किती भयंकर प्रसंग!

या सिनेमावरचा एक आक्षेप मी नेहमी ऐकते. नुसती सजावट आहे म्हणे. सुंदर चेओंगसाम (उंच गळ्याचे, अंगाबरोबर बसणारे चिनी झगे), लाल पडदे, संथ गतीत जिना उतरणारी, सू झालेली मॅगी चुंग, पुन्हा पुन्हा वाजणारं ते व्हायोलिन. (ती धून या सिनेमासाठी केलेलीसुद्धा नव्हती. शिगेरू उमेबायाशींनी ती १९९१च्या एका जपानी सिनेमासाठी केली होती. इथे ती इतकी मुरली आहे की हे सांगूनही पटत नाही.) मला हा आक्षेप मुळातच चुकीचा वाटतो. कॅमेरा कुठे उभा आहे ते बघा. दाराच्या फटीशी, बोळाच्या टोकाला, खिडकीच्या गजांमागे, आरशासमोर. त्या दोघांच्या जोडीदारांचे चेहरे तर आपल्याला शेवटपर्यंत नीट दिसतच नाहीत. आवाज ऐकू येतात, पाठ दिसते, केस दिसतात. दिग्दर्शकाच्या हाती सगळं असतं. तो कुठल्याही खोलीत शिरू शकतो, कुणाच्याही मनातलं बोलून दाखवू शकतो. इथे तो ते नाकारतो. शेजाऱ्याला जेवढं दिसेल तेवढंच आपल्याला दाखवतो. नायक-नायिकेच्या जवळिकीचा प्रसंग त्यानं चित्रित केला होता आणि नंतर काढून टाकला. म्हणजे त्या रात्री काय झालं, काही झालं का, हे विचारायचा हक्कही त्यानं आपल्याकडून काढून घेतला. ही सजावट नाही. माणूस माणसाला जितका दिसतो तितकाच दाखवायचा, हा प्रामाणिकपणा आहे.

आता त्या तालमींबद्दल, कारण खरं तर त्यांच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

आपल्याशी असं का झालं, हे समजून घेण्यासाठी सू आणि चाऊ एक विचित्र खेळ सुरू करतात. तो तिचा नवरा होतो, ती त्याची बायको होते. पहिलं पाऊल कुणी टाकलं असेल? कुठल्या शब्दांत? आपला नवरा असं बोलणार नाही, म्हणून ती मध्येच थांबते. हॉटेलात तो तिला आपल्या बायकोच्या आवडीचं मागवायला लावतो, तिच्या ताटात मोहरीची चटणी वाढतो आणि ती ते तिखट निमूट खाते. आपल्याकडे याला शब्द आहे, परकायाप्रवेश. दुसऱ्याच्या देहात शिरून त्याचं मन आतून बघायचं. त्या दोघांनी अगदी मनापासून केलेला हा परकायाप्रवेश आहे आणि तो सपशेल फसतो.

एका प्रसंगात सू जेवताना समोरच्या पुरुषाला सरळ विचारते, तुमचं बाहेर कुणी आहे का? पुरुष पाठमोरा. आपण श्वास रोखतो, आला नवरा. तो आधी नाही म्हणतो, मग हो म्हणतो. ती कशीबशी एक हलकी चापट मारते. मग कळतं, हा चाऊ आहे आणि ही तालीम आहे. पुन्हा करून बघतात आणि या खेपेला तिला रडू फुटतं. इतकं दुखेल असं तिला वाटलं नव्हतं. नवरा काय म्हणेल हे शोधायला ती बसली होती. त्याच्याबद्दल तिला कणभरही नवीन कळलं नाही. जे कळलं ते स्वतःबद्दल.

इथे मी सिनेमा थांबवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

मी हे केलेलं आहे. फार जवळच्या एका मैत्रिणीशी माझं बोलणं तुटलं होतं. दीड-दोन वर्षं मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. माझी वाक्यं मीच लिहायची, तिचीही मीच. तिचा सूर, तिचे बचाव, तिचे टोमणे, सगळं मला पाठ होतं. शेवटी तिच्या दारात उभी राहिले. तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किती बारीक झालीस गं!" दोन वर्षांच्या तालमीत हे वाक्य एकदाही आलं नव्हतं. जिच्याशी मी इतके महिने भांडत होते, ती बाई दुसरीच कुणी होती, मी घडवलेली. दारात उभी असलेली मला माहीतच नव्हती. मी तिथेच रडले आणि तिला वाटलं, भेटल्याच्या आनंदानं रडतेय. तेही काही खोटं नव्हतं.

सिनेमा पाहून झाला की काही जण म्हणतात, जोडीदारांनी फसवलं खरं, पण निदान या दोघांनी तरी एकमेकांना ओळखलं. मला तसं वाटत नाही. निरोपाचीसुद्धा ते तालीम करतात. तो तिचा हात सोडून निघून जातो, ती कोसळते आणि तो तिला समजावतो की ही फक्त तालीम आहे. त्या क्षणी तालीम कोणती आणि खरं काय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढे तो नोकरीसाठी सिंगापूरला जातो. ती तिथे त्याच्या खोलीत येऊन जाते, तिथली सिगारेट ओढते, त्याच्या ऑफिसात फोन करते आणि पलीकडून त्याचा आवाज आल्यावर एक अक्षरही बोलत नाही. तो खोलीत येतो तेव्हा लिपस्टिक लागलेलं थोटूक तेवढं उरलेलं असतं. १९६६ साली तो हाँगकाँगच्या जुन्या घरी येतो. शेजारी कोण राहतं म्हणून विचारतो. एक बाई आणि तिचा मुलगा, असं उत्तर मिळतं. त्या दारासमोर तो क्षणभर थबकतो आणि निघून जातो. मुलगा कुणाचा, यावर लोक अजून वाद घालतात. मी पूर्वी हिरिरीनं घालायची. आता घालत नाही. दारापलीकडे कोण आहे हे चाऊला कळलं नाही, तर मला तरी का कळावं?

यानंतर कंबोडियातल्या अंकोरवाटच्या प्राचीन मंदिरातला शेवट. चाऊनं मित्राला आधी सांगितलेलं असतं, की जुन्या काळी माणसं आपलं गुपित झाडाच्या ढोलीत बोलायची आणि ती मातीनं लिंपून टाकायची. इथे तो दगडी भिंतीतल्या एका भोकाशी ओठ नेतो आणि बराच वेळ बोलत राहतो. आपल्याला ऐकू येतं ते फक्त संगीत. वरच्या बाजूला एक लहान वयाचा भिक्षू बसलेला आहे. तोही त्या माणसाकडे बघतोय. त्यालाही काही ऐकू येत नाही. चाऊ निघून जातो तेव्हा त्या भोकात गवत खुपसलेलं असतं.