दहावीचं बीजगणित आणि नियोजनाच्या नावानं चांगभलं

एकदा मनातलं ओकून टाकू द्या. दहावीच्या बीजगणिताचं वार्षिक नियोजन म्हणून जो प्रकार दर जूनमध्ये आमच्याकडून करून घेतात, त्याच्याइतका निरुपयोगी कागद शाळेत दुसरा नाही. आणि निरुपयोगी कागदांचा आमच्याकडे दुष्काळ नाही, हे तुम्ही शिक्षक असाल तर सांगायला नको.

शाळा उघडून चार दिवस होत नाहीत. निम्म्या पोरांनी अजून पुस्तकं घेतलेली नसतात, तुकड्या पक्क्या झालेल्या नसतात, वेळापत्रक रोज बदलत असतं. तोवर वरून निरोप येतो: वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक नियोजन शुक्रवारपर्यंत जमा करा. अहो, वर्गात कोण बसणार आहे तेच मला अजून नीट कळलेलं नाही. कुणाला अवयव पाडता येतात, कुणाची गाडी ऋण संख्यांच्या बेरजेतच अडलीय, काही पत्ता नाही. पण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी कोणता उपघटक किती तासिकांत संपवणार, ते मात्र जूनमध्येच लिहून द्यायचं. आमच्या शाळेत सेमी इंग्रजीची तुकडी वेगळी, म्हणून तोच तक्ता इंग्रजीतून पुन्हा लिहायचा. हातानं. टाइप केलेला चालत नाही, का तर म्हणे कॉपी-पेस्ट होतं. मागच्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून हातानं उतरवला की ते कॉपी-पेस्ट नाही!

त्यातले रकाने बघा. महिना, घटक, उपघटक, तासिका, अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवं ते), शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन, शेरा. वर आमच्याकडे एक जुना रकाना अजून मानगुटीवर बसलाय: गाभा घटक. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले दहा गाभा घटक हो, म्हणजे शिकवताना मुलांवर ठसवायची मूल्यं. 2020 मध्ये नवं धोरण आलं, आमचा रकाना जागचा हलला नाही. स्वातंत्र्य चळवळीचा इतिहास, पर्यावरणाचं संरक्षण, स्त्री-पुरुष समानता, छोट्या कुटुंबाचा आदर्श. विषय सगळे चांगले, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण वर्गसमीकरणासमोर यातलं काय लिहू? आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांनी वैतागून 'छोटे कुटुंब' लिहिलं, का तर वर्गसमीकरणाला मुळं दोनच असतात. वही सही होऊन परत आली! शिक्क्यासकट. म्हणजे वाचतंय कोण?

आणि मला खरोखर जो रकाना हवाय तो नाहीच. मुलांना मागचं काय येत नाही, आणि ते भरून काढायला किती तासिका लागतील? हा प्रश्न त्या अख्ख्या कागदावर कुणीही विचारत नाही.

जरा हिशोबच मांडते, गणिताचीच बाई आहे मी. बीजगणिताचे घटक 6: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. भूमितीचे 7 वेगळे, आणि ते बहुतेक ठिकाणी आमच्याच गळ्यात. आठवड्याला बीजगणिताच्या 4 तासिका धरा. जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत 28 आठवडे होतात. दिवाळीची सुट्टी, गणपती, सत्र परीक्षा, चाचण्या वजा केल्या तरी कागदावर 90 च्या घरात तासिका उरतात. सहा घटकांना नव्वद, मग काय ऐशच की! असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी एकदा येऊन बसावं आमच्यात.

आषाढीला दिंडी, मग वृक्षारोपण, ऑगस्टमध्ये पंधरा दिवस कवायतीची तालीम. क्रीडा स्पर्धांना अर्धा वर्ग मैदानावर. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला उरलेल्यातले निम्मे गायब. विज्ञान प्रदर्शन, सहल, स्नेहसंमेलन. यातलं काहीही बंद करा असं मी म्हणत नाही, पोरांनी नाचावं, खेळावं, तेच वय आहे. पण मग ते नियोजनात धरा ना! सहल कुठल्या महिन्यात जाते हे शिपायालासुद्धा माहीत असतं, फक्त तक्त्याला माहीत नसतं. तक्त्यात डिसेंबर म्हणजे पूर्ण महिना, पूर्ण तासिका, घटक 'सांख्यिकी'.

शिवाय आम्ही शिक्षक सोडून बाकी सगळं आहोतच. यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या शाळा-माहितीच्या पोर्टलवर, माहिती भरा, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही ते जुळवा, अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकासाठी, पालकांना फोन करा, बोर्डाचे फॉर्म भरा. मतदार यादीचं काम लागलं तर विचारूच नका. 2024 मध्ये विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच प्रशिक्षण, साहित्य वाटप, मतदान केंद्र. दहावीची श्रेढी राहिली वाटेत. त्या महिन्याच्या तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात मी 'निवडणूक काम' लिहिलं, तर मला सांगण्यात आलं की तिथे 'अध्यापन पूर्ण' लिहायचं असतं. पूर्ण! कुणी केलं? ईव्हीएमनं?

त्यातून परीक्षाच अलीकडे आली. 2024 ला दहावीची लेखी परीक्षा 1 मार्चला सुरू झाली होती, 2025 ला 21 फेब्रुवारीला. तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी, पूर्वपरीक्षा त्याच्याही आधी. म्हणजे वर्षाला शेवटून कात्री. पुढून तर आधीच लागलेली. आमच्या तक्त्याचा नमुना मात्र तोच, फेब्रुवारीसमोर 'उजळणी व सराव' छापलेलं. कसली उजळणी? त्या दिवसांत पोरं हॉल तिकीट हातात धरून केंद्रावर आपला बाक शोधत असतात.

बरं, हे सगळं एक वेळ सहन करीन. दुखणं खरं वर्गात आहे.

वर्गसमीकरणांचंच घ्या. नियोजनात अवयव पद्धतीला 3 तासिका, पूर्ण वर्ग पद्धतीला 2, सूत्राला 2. तासिका म्हणायला 35 मिनिटांची, हजेरी आणि सूचनांची वही फिरून जाईपर्यंत 25. फळ्यावर लिहिलं: एक्सचा वर्ग वजा 7 एक्स अधिक 10 बरोबर 0. सोडवा, कुठल्याही पद्धतीनं. बाकांमधून फिरले. एकानं सूत्र घेतलंय, अक्षर मोत्यासारखं, समासही आखलेला. बी, म्हणजे एक्सचा सहगुणक, बरोबर उणे 7. त्याचा वर्ग? उणे 49. त्यातून 4 गुणिले 1 गुणिले 10, म्हणजे 40 वजा, उणे 89. खाली चौकटीत ठसठशीत: 'मुळे वास्तव नाहीत'. त्याच्याच शेजारच्या बाकावर पोरीनं अवयव पाडून 5 आणि 2 ही मुळं काढलेली. वह्या एकमेकींना चिकटून. एकीत मुळं आहेत, दुसरीत मुळंच नाहीत, आणि दोघांनाही त्यात काही खटकत नाही! माझा जीव तिथे जळतो. चिन्ह चुकलं तर दुरुस्त करता येतं हो. पण एकाच समीकरणाची दोन उत्तरं शेजारी-शेजारी सुखानं नांदतात, कारण उत्तर म्हणजे फक्त चौकटीत लिहायची गोष्ट असं पोरांना वाटतं, हे दुरुस्त करायला दोन तासिका पुरतात का?

ऋण गुणिले ऋण खालच्या वर्गांत होऊन गेलं. अवयव आठवीत, बहुपदी नववीत. प्रत्येक वर्षीच्या तक्त्यावर 'अध्यापन पूर्ण' आहे, सही आहे, शिक्का आहे. पुढचं पाठ, मागचं सपाट. मी त्या शिक्षकांनाही दोष देत नाही, त्यांच्याही मानेवर हाच तक्ता होता. सगळ्यांनी आपापल्या वर्षी कागद पूर्ण केला आणि मूल जसंच्या तसं पुढे सरकवलं.

त्यात क्लासवाले. मे महिन्यातच सुट्टीची बॅच काढून त्यांनी पहिले दोन घटक उडवलेले असतात. मग जूनमध्ये मी आलेख काढायला घेतला की मागून आवाज: "बाई, हे झालंय आमचं." झालंय? बरं, ये फळ्यावर. निश्चयक, म्हणजे सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, दोन मिनिटांत काढतो, एक्स-वायच्या किंमती अचूक. मग विचारलं, या दोन रेषा आलेखात कुठे भेटतील रे? गप्प. ज्या किंमती आत्ता काढल्या तोच छेदनबिंदू, हे त्याच्या गावी नाही. आणि याच वर्गात दुसऱ्या बाजूला अशी पोरं, ज्यांच्या घरी क्लासची फी परवडत नाही, ज्यांना बीजगणित भेटतं ते फक्त माझ्या त्या पंचवीस मिनिटांत. एकाला कंटाळा आलाय, दुसऱ्याला धाप लागलीय, आणि नियोजनात दोघांसाठी एकच ओळ.

शैक्षणिक साहित्याच्या रकान्याची तर वेगळीच गंमत. संभाव्यतेला मी 'नाणे, फासे, पत्त्यांचा कॅट' लिहिलं. पर्यवेक्षकांनी लाल पेनानं 'पत्त्यांचा' भोवती गोल केला. शाळेत पत्ते? अहो, पुस्तकातली गणितं पत्त्यांची आहेत! 52 पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला तर तो चित्रयुक्त असण्याची संभाव्यता किती? आता ज्या पोरीच्या घरात पत्ते कधी आलेच नाहीत, तिला राजा, राणी, गुलाम मिळून 12 होतात हे कुठून कळणार? इस्पिक काळं की लाल, हेही तिला पाठ करायला लागतं. ज्याचे काका पारावर रमी खेळतात त्याचं गणित बरोबर, तिचं चूक. मग तुम्ही मोजताय काय? मी तरीही कॅट नेला. प्रत्येक बाकावर पाच-सहा पत्ते वाटले. तासभर वर्गात कुणी बेल कधी होते म्हणून बघितलं नाही. शेऱ्यात आलं: 'वर्गात गोंगाट'.

आणि अर्थनियोजन! दहावीच्या अख्ख्या बीजगणितात घरी जाऊन वापरता येईल असा हा एक घटक. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. पुस्तक 2018 चं, त्यात जीएसटीचे टप्पे 0, 5, 12, 18 आणि 28 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 चे टप्पे गेले. आता मुख्य दर 5 आणि 18, आणि ठरावीक वस्तूंना 40. तेव्हा मी काय केलं, पोरांना म्हटलं दुकानाची बिलं आणा. एक जण कंपासपेटीचं बिल घेऊन आला. केंद्राचा कर अडीच टक्के, राज्याचा अडीच. आधी हीच पेटी 12 टक्क्यांत होती. "बाई, पुस्तकात 12 चा टप्पा आहे, बिलात तर नाही. पेपरात काय लिहू?" मी म्हटलं, गणितात जो दर दिलाय तो घे. दुसरं सांगणार तरी काय? वह्या आणि पेन्सिलींवरचा कर तर शून्य झाला, तो आनंद पोरांनी बिलावर स्वतः शोधून काढला, आणि त्या दिवशी वर्गात खरं अर्थनियोजन झालं. त्याची नोंद कुठे करू? जूनच्या तक्त्यात निष्पत्ती लिहिलीय, 'जीएसटीचे सर्व दर अचूक सांगतो'. कुठले सर्व दर? तपासायला आलेल्यांनी त्यावर बरोबरची खूण केली.

एवढं सगळं 40 गुणांसाठी, दोन तासांच्या पेपरासाठी. निकाल लागला की गेटवर फ्लेक्स, आणि माझ्या टेबलावर विषयवार निकालाचा तक्ता: बीजगणितात टक्केवारी कमी का, खुलासा करा. खुलाशाला परत वेगळा नमुना. त्यात 'उपाययोजना' नावाचा रकाना, तो जुलैत भरायचा, म्हणजे ज्यांच्यासाठी उपाय करायचा ती पोरं कॉलेजात गेल्यावर.

यंदा मी जूनच्या रकान्यात लिहिलं: 'चिन्हे, कंस, अवयव. सातवी-आठवीची उजळणी, तासिका 10.' तक्ता परत आला. "दहावीच्या नियोजनात सातवीचा घटक कसा? पहिला घटक वेळेत संपणार नाही." नाही संपणार! जुलैत संपेल. पण संपेल तेव्हा खरोखर संपलेला असेल. मी तक्ता बदलला नाही, तसाच पाठवला. आता म्हणे लेखी खुलासा मागणार आहेत. मागा. फक्त जे कोणी मागणार आहेत त्यांनी आधी माझ्या वर्गात यावं आणि त्या पोराला उणे 7 चा वर्ग अधिक 49 का होतो ते पंचवीस मिनिटांत पटवून दाखवावं. फळा पुसून ठेवते.