चासी एक असली म्हणून फसवणूक होत नाही

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. श्कोडा स्लाविया आणि फोक्सवॅगन व्हर्टस चाकणला एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे गाडीच्या खालच्या एकाच सांगाड्यावर (चासीवर) बनतात, बलेनोला टोयोटाचा लोगो लावला की ग्लान्झा होते, म्हणजे ग्राहकाला सरळ गंडवतात! वर पुण्याच्या आतेभावाची पुस्ती : "तुमच्या अमेरिकेत असलं खपवून घेत नाहीत."

मी राहतो डेट्रॉईटजवळ. अरे, हे सगळं इथेच तर वाढलं. कॅडिलॅक डी व्हिल, ब्यूक इलेक्ट्रा आणि ओल्ड्समोबिल नाइन्टी-एट या जनरल मोटर्सच्या मोठ्या, महागड्या गाड्या कित्येक दशकं ‘सी-बॉडी’ नावाच्या एकाच सांगाड्यावर बनल्या. कुणी बोंब मारली नाही, कारण त्या काळी कॅडिलॅकमध्ये कॅडिलॅकचंच व्ही-८ इंजिन असायचं, ब्यूकमध्ये ब्यूकचं. तोंडवळाही ज्याचा त्याचा.

बिनसलं ते १९८५च्या मॉडेलला. पेट्रोल महागच होत जाणार या हिशेबाने डी व्हिल दोन फुटांहून जास्त आखूड केली, पुढच्या चाकांवर चालवली आणि तिघी दिसायला जुळ्या झाल्या. कॅडिलॅकची स्पर्धक लिंकन, म्हणजे फोर्डची महागड्या गाड्यांची शाखा. तिने लगेच टीव्हीवर जाहिरात केली : हॉटेलबाहेर आपली कॅडिलॅक कोणती, हे मालकांनाच ओळखू येत नाही. आणि स्वतः लिंकन? तिची टाउन कार फोर्डच्या ‘पँथर’वर, म्हणजे पोलिसांच्या क्राउन व्हिक्टोरियाच्याच चासीवर. पण चाकांमधलं अंतर तीन इंच जास्त, पत्रा वेगळा, आत बसलं की ऐसपैस. २०११पर्यंत चालली ती. विमानतळावर न्यायला येणारी काळी गाडी म्हणजे तेव्हा टाउन कारच.

म्हणून म्हणतो, चासी वाटून घेण्यात पाप नाही, वरचं काम आळसाने करण्यात आहे. स्लाविया आणि व्हर्टसचा पत्रा बराचसा वेगळा, चेहरा वेगळा. त्यांना ग्लान्झाच्या रांगेत बसवणं अन्याय आहे. पुण्यात बसून पुण्याच्याच कारखान्याला नावं ठेवायची, आणि तीही अमेरिकेचा दाखला देऊन, याचा मला संताप येतो.

इथे ऑफिसात कुणी चाकणच्या मालाबद्दल शंका घेतली की मी असाच उसळतो आणि भर मीटिंगमध्ये भांडतो. ऑफिसातले मला पुण्याच्या बाजूचा धरतात, आतेभाऊ अमेरिकेच्या. त्याच्या मेसेजमधलं गाड्यांचं अज्ञान मी दोन मिनिटांत विसरलो असतो. त्याने मला आपल्यातून वगळलं, ते मात्र रात्रभर डोक्यातून गेलं नाही.