‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’ म्हणे!

रविवारी सकाळी आजोळच्या ग्रुपवर मोठ्या मावशीने एक फॉरवर्ड टाकला. वर तीन लाल दिवे, खाली ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’. मजकूर थोडक्यात असा: डीबीटी नावाचं अमेरिकन फॅड आलं आहे, तीन हजार रुपये घेऊन थंड पाण्यात तोंड बुडवायला सांगतात, सगळं आपल्याच ध्यानातून चोरलेलं आहे, पूर्वी आजीच्या एका धपाट्यात मुलं ताळ्यावर यायची, आणि स्वतःला इजा करून घेणारी मुलं फक्त लक्ष वेधून घेतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल.

मामाने लगेच विचारलं, “डीबीटी म्हणजे ते स्कॉलरशिपचं पोर्टल ना?” नाही मामा, ते महाडीबीटी. ही डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे अनावर भावना आणि स्वतःला इजा करण्याची ओढ हाताळायला शिकवणारा मानसोपचार. बाकीच्यांनी अंगठे आणि जोडलेले हात पाठवून दिले. त्याच ग्रुपवर एक मुलगी आहे, गेले आठ महिने ही थेरपी घेते आहे. तिने मेसेज वाचला आणि रात्री मला फोन केला. तिला विचारूनच हे लिहिते आहे, आणि तिच्याबद्दल एवढंच.

शेवटचा मुद्दा आधी घेते. बाकीचे नुसते अडाणी आहेत, हा जिवावर उठणारा आहे.

लक्ष वेधायचं असेल तर ही मुलं भर वैशाखात पूर्ण बाह्यांचे शर्ट का घालतात? जखम लपवणारा कोणाला दाखवतो आहे? त्यांना न ओरडता विचारलं तर बहुतेक जण सांगतात, आत जे उसळलेलं असतं ते तेवढ्यापुरतं शमतं. उपाय घातक आहे, पण नाटक नाही. आणि अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला देणाऱ्याने आपण काय सांगतो आहोत याचा विचार करावा.

ही थेरपी रचणाऱ्या मार्शा लिनेहन स्वतः यातून गेल्या आहेत. १९६१ साली, १७ वर्षांच्या असताना, त्यांना कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल केलं. स्वतःला इजा करून घेत म्हणून एकांताच्या खोलीत ठेवलं. तिथे हाताशी काहीच नव्हतं, तर त्या भिंतीवर डोकं आपटत राहिल्या. सगळ्यांपासून तोडून ठेवून झालं, थांबलं का? नाही. दोन वर्षांहून जास्त काळ त्या तिथे होत्या. ही गोष्ट त्यांनी २०११ मध्ये त्याच रुग्णालयात जाऊन, लोकांसमोर सांगितली.

मग थांबतं कशाने? २००६ साली लिनेहन यांच्याच सिएटलमधल्या गटाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुकताच आत्महत्येचा प्रयत्न किंवा स्वतःला इजा केलेल्या, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना, नाती, स्वतःबद्दलची कल्पना सतत डळमळत राहण्याचा मानसिक विकार) असलेल्या १०१ स्त्रिया. निम्म्यांना वर्षभर डीबीटी, निम्म्यांना त्याच भागातल्या नावाजलेल्या थेरपिस्टांकडे उपचार. तुलना कुठल्या ऐऱ्यागैऱ्याशी नव्हती, हे लक्षात घ्या. पुढचं आणखी एक वर्ष धरून दोन वर्षांत दुसऱ्या गटातल्या जवळजवळ ४६ टक्के स्त्रियांनी आत्महत्येचा प्रयत्न केला, डीबीटीवाल्या गटात २३ टक्के. निम्मं. शून्य नव्हे, चमत्कारही नव्हे. आता फॉरवर्डवाल्याने दुर्लक्षाची आकडेवारी दाखवावी.

एक कबूल करावं लागेल, मनाविरुद्ध. डीबीटीत खरोखर असा एक नियम आहे की इजा करून घेतल्यानंतर चोवीस तास थेरपिस्ट नेहमीसारखा फोनवर सल्ला देत नाही. जिवाला धोका असेल तर अर्थातच मदत मिळते. इजा हे बोलणं सुरू करण्याचं साधन होऊ नये, हे त्यामागचं कारण. म्हणजे मेसेजवाल्याने कुठूनतरी अर्धं ऐकलं आहे. उरलेलं अर्धं असं की इजा करण्याची ओढ वाटताच, इजेच्या आधी, फोन कर असं बजावून सांगितलेलं असतं. आधीच्या फोनला दार उघडं असतं म्हणून नंतरच्या नियमाला अर्थ आहे. घरात आधीही दुर्लक्ष आणि नंतरही दुर्लक्ष, याला थेरपी म्हणत नाहीत.

आता थंड पाणी. ही एक युक्ती आहे, आणि ती चालते. श्वास रोखून गार पाण्यात तोंड बुडवलं की शरीराला वाटतं आपण डुबकी मारली, आणि हृदयाचे ठोके मंदावतात. अर्ध्या मिनिटात उकळी थोडी उतरते, मग पुढचं सुचतं. हृदयाचा त्रास किंवा खाण्याचे विकार असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पण पैसे पाण्याचे नाहीत. रोज एक कार्ड भरायचं असतं: कोणती भावना, किती तीव्र, काय करावंसं वाटलं. मग थेरपिस्टबरोबर त्या प्रसंगाची साखळी उलगडायची. समजा, मंगळवारी सातला भावनांचा स्फोट झाला. त्याआधी आईचा एक शब्द. त्याआधी दुपारचं जेवण चुकलेलं. आदल्या रात्री झोप नाही. कोणती कडी आपल्या हातात होती? हे एकट्याने, तेही भडकलेल्या डोक्याने, जमत नाही.

ध्यान आपलं आहे का? आहे. झेन या जपानी बौद्ध ध्यानपंथाचं नावच ‘ध्यान’चा चीनमार्गे जपानला पोचलेला अवतार, आणि लिनेहननी झेनकडून घेतलं हे त्या स्वतः सांगतात. चोरी नव्हे, नाव घेऊन घेतलेलं. पण त्यांनी रुग्णांना तासन् तास डोळे मिटून बसवलं नाही. भांडी घासताना फक्त भांडी घासणं, इतपतच सुरुवात.

आजीच्या धपाट्याबद्दल मावशीला एकच विचारते. आपल्याच घराण्यात विहिरीचं नाव निघालं की सगळे कुजबुजत बोलतात, त्या दोघी कोणत्या थेरपीला गेल्या होत्या? ‘त्यात रडण्यासारखं काय आहे?’ हे वाक्य मुळात हळव्या असलेल्या मुलाला रोज ऐकवलं की काय होतं, त्यावरच ही सगळी पद्धत उभी आहे. ‘तुला वाटतं ते खरंच वाटतं, आणि तुला बदलायलाही हवं,’ ही दोन्ही वाक्यं एकाच दमात. डायलेक्टिकलचा अर्थ तेवढाच.

राहता राहिले तीन हजार. महाग आहे, खरं आहे. पूर्ण डीबीटी म्हणजे दर आठवड्याला थेरपिस्टशी एकट्याने बोलणं, शिवाय कौशल्यांचा गटातला वर्ग, मधल्या वेळात फोन. हे सगळं देणारे आपल्याकडे मोजके, आणि चार कागद हातात देऊन पाटीवर डीबीटी लिहिणारेही आहेत. त्यावर फॉरवर्ड काढला असता तर मी स्वतः पुढे पाठवला असता. तूर्तास कोणाला रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६, फुकट आहे.

आणि मावशी, तो मेसेज ग्रुपवरून काढ. तुझ्याकडून डिलीट होत नसेल तर दादा अ‍ॅडमिन आहे, त्याला सांग. त्या मुलीने अजून ग्रुप सोडलेला नाही.